पंडित मिस्त्रीचा कान

उमापूरच्या मोहनराव देशमुखांच्या मोटारीचं इंजिन पंडित मिस्त्रीनं अख्खं उकलून पुन्हा जोडलं, आणि तरीही तेलाचा दाब दाखवणारा काटा खाली आला.

पंडित जालन्याच्या छावणीत गोऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करून तयार झालेला माणूस. मोहनरावांनी तिथल्याच एका साहेबाकडून ही जुनी मोटार घेतली, तेव्हा गाडीबरोबर मिस्त्रीलाही गावात आणलं. नुसता आवाज ऐकून तो इंजिनाचं दुखणं सांगायचा. गेवराईपासून बीडपर्यंत त्याचं नाव होतं. पण वर्षभरात त्याचा डावा कान गेला आणि मग उजव्यातही कापूस कोंबल्यासारखं झालं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. कान गेल्यावर मिस्त्रीत राहिलं काय?

त्यातूनच आक्रीत घडलं. पंधरा दिवसांमागं ड्रायव्हर अर्जुन म्हणाला होता, "काका, इंजिनात खालून ठकठक येतीय." पंडितनं वाकून कान लावला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. "कायबी न्हाई बे, चालीव," तो म्हणाला. शहागडच्या अलीकडं इंजिन जाम झालं. उघडून बघितलं तर बेअरिंगचं अस्तर मेणासारखं वितळलेलं.

"तेल न बघता गाडी हाणली ह्या हरामखोरानं," म्हणत मोहनरावांनी अर्जुनला चारचौघांत जोड्यानं मारलं आणि कामावरून हाकललं. मार खाताना अर्जुन पंडितकडं बघत होता. पंडित खाली मान घालून उगाच एक नट पुसत राहिला.

त्यानंतर त्यानं तहानभूक विसरून इंजिन बांधलं. नवं अस्तर ओतायला धातू जेमतेम पुरला. आता पुन्हा वितळलं तर इंजिन कायमचं गेलं. सोमवारी जालन्याच्या स्टेशनावरून जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांना आणायचं होतं, आणि आज शुक्रवार उजाडला होता.

इंजिन गार असताना काटा नीट वर उभा राहायचा. तापलं की मरत्या माणसाच्या नाडीसारखा बसत जायचा. पंडितनं तळाचं तेलाचं भांडं उतरवून गाळणीची जाळी बघितली. स्वच्छ. तेलाच्या पंपाचे दाते तपासले. शाबूत. दाब धरणारी स्प्रिंग ढिली असेल म्हणून तिच्याखाली चकती सारली. तेल पातळ असेल म्हणून जाड तेल ओतलं. दरवेळी इंजिन चालू करायचं, काट्यावर डोळे लावायचे, आणि तो ढळला की घाईनं बंद करायचं. पाचव्यांदा काटा बसला तेव्हा पंडितनं पाना भिंतीवर फेकला आणि तेलकट हातांनीच तोंड झाकून घेतलं.

दुपारी त्याची बायको गीताबाई भाकरी घेऊन आली. तिनं दोनदा हाक मारली. तो हलला नाही, तेव्हा तिनं खांद्यावर हात ठेवला. पंडित दचकला. तिच्याकडं बघून त्याचा बांध फुटला.

"गीते, मला ऐकू येत न्हाई."

"ठावं हाय," ती त्याच्या कानाशी येऊन म्हणाली. "वरीस झालं. तुमी सांगाल म्हनून वाट बघत व्हते."

"अर्जुन खरं बोलत व्हता. ऐकू आलं न्हाई ते मला. अन् मार त्यानं खाल्ला."

भाकरीचं फडकं बाजूला ठेवून गीताबाईनं विचारलं, "मी ऐकू का? काय ऐकायचं ते सांगा."

पंडितनं लांब पेचकसाचं टोक पंपाच्या अंगाला टेकवलं आणि मूठ तिच्या कानाशी धरली. इंजिन चालू केलं. गार होतं तोवर ती मान हलवून 'कायबी न्हाई' सांगत राहिली. तापल्यावर मात्र तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं त्याला ओढून कानात ओरडून सांगितलं, "गुडगुडी! म्हातारी मानसं गुडगुडी वढत्यात ना, तसा आवाज यायलाय!"

पंडितनं ताबडतोब इंजिन बंद केलं. गुडगुडी! म्हणजे पंप तेलाबरोबर वारा ओढतोय. तळातलं तेल पंपाकडं नेणारी तांब्याची नळी त्यानं सोडवली. चिरीचा मागमूस दिसत नव्हता. एक तोंड बोळ्यानं बंद करून त्यानं ती गार पाण्यात बुडवली आणि दुसरीकडून फुंकर घातली. काहीच नाही. मग गीताबाईनं तीन दगडांवर पाणी उकळलं. त्यात नळी बुडवून तो जीव खाऊन फुंकू लागला, आणि सांध्यापाशी बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. तापलं की सांधा उघडत होता. तो तेलाच्या पातळीच्या वर होता, म्हणून भांडं भरलेलं असूनही पंपाच्या तोंडात वारा जात होता.

तांबटाकडून त्यानं सांध्याला पितळेचा डाख मारून घेतला. शनिवारी इंजिन तासभर चाललं. काटा जागचा हलला नाही.

मोहनराव खूश झाले. "नळीच फुटकी व्हती तर! मग त्यात कुनाचा काय दोष?"

इथं गप्प बसलं असतं तर निभावलं असतं. पंडित हात जोडून म्हणाला, "मालक, नळी फुटकी व्हती, पन अर्जुननं आधी सांगितलं व्हतं. मला ऐकू आलं न्हाई. मी बहिरा झालोय."

मोहनराव मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाले, "सोमवारचं काम झालं की हत्यारं उचल."

त्याच दुपारी पंडित गीताबाईला घेऊन अर्जुनच्या घरी गेला. अर्जुन नव्हता. गावात तोंड दाखवायची लाज वाटून तो आठ दिवसांपूर्वीच हैदराबादकडं निघून गेला होता. कुठं उतरला, काय खातो, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याची आई भिवराबाई उंबऱ्यावर कापसाची बोंडं सोलत बसली होती. पंडितनं तिच्यापुढं बसून सगळं सांगितलं. म्हातारीचे हात थांबले. ती खाली बघत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हनली?" पंडितनं गीताबाईला विचारलं.

गीताबाईनं मान वळवली. त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा ती त्याच्या कानाशी वाकली.

"म्हनली, कान गेलता, पन जीभ तर व्हती ना?"