फट नसलेलं घर

उन्हाळाभर झानीबेकला एकच वेड लागलं होतं. आजोबांच्या वेळचं मातीचं घर, डोंगरातल्या नारीन गावचा हिवाळा, आणि टनांनी कोळसा जाळूनही पाय गारच! म्हणून त्याने भिंतींना बाहेरून थर्मोकोल लावला, माळ्यावर मातीत कालवलेला भुसा पसरला, खिडक्यांच्या फटींत फोम भरला. इथवर त्याच्या बायकोची, बुरुलची, तक्रार नव्हती. पण खिडकीच्या वरचा हवेचा झरोकाही नवऱ्याने बुजवला, तेव्हा तिचं डोकं फिरलं.

"अहो, अपा दिवसभर चुलीशी बसतात. ऊब टिकावी म्हणून कोळसा पुरता जळायच्या आत धुराड्याची झडप लावतात. ती विषारी हवा जायची कुठून?" सासूबाईंना ती अपा म्हणायची.

"आई पन्नास वर्षं झडप लावतेय. काय झालं तिला?"

"तेव्हा घराला शंभर फटी होत्या!"

"ऊब विकत घ्यायची आणि भोकातून सोडून द्यायची! वा गं शहाणे!" तो हसला. शेजाऱ्यांना घर दाखवताना हा किस्सा तो चवीने सांगू लागला. बुरुल आतल्या आत धुमसत राहिली.

जानेवारीत एका दुपारी ती शाळेत शिकवून परतली, तर सासूबाई चुलीशेजारी आडव्या पडलेल्या. हाकेला ओ नाही. निखाऱ्यांवर अजून निळ्या ज्वाला होत्या आणि झडप घट्ट लावलेली. तिने झडप ओढली, खिडकीकडे धावली. फोमने चौकट जाम झाली होती. चुलीची सळई उचलून तिने काच फोडली आणि म्हातारीला फरफटत अंगणातल्या बर्फात आणलं.

अपांना ओकारी झाली, मग डोळे उघडले. "डोकं फुटतंय गं," त्या पुटपुटल्या. शेजारणीने रुग्णवाहिकेला फोन लावला. बुरुलला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त संताप.

झानीबेक बाजारातून पळत आला. आईला कोटात गुंडाळलं, ती बोलतेय हे पाहून त्याचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच नजर खिडकीकडे गेली.

"अगं, सगळी ऊब चालली! थांब, प्लास्टिक ठोकतो," म्हणत त्याने हातोडी उचलली.

सुनेने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, अशी घरातली रीत. चौदा वर्षांत बुरुलने ती मोडली नव्हती.

"झानीबेक!"

अख्ख्या गल्लीने ऐकलं. तो हातोडी घेऊन थिजला. बुरुलने अंगणातूनच सळईने दुसरी काच फोडली, मग तिसरी.

"ठोक आता प्लास्टिक," ती म्हणाली, "आणि आईला परत त्या विषारी हवेत नेऊन बसव."