खालची यादी

“वाती संपल्या गं,” नैना समईकडे बघत रत्नाला म्हणाली. “परांजपेकाकू कधी यायला लागणार?”

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावी मराठी ज्येष्ठांच्या डे-केअरमध्ये नैना सगळा कारभार बघायची आणि देवापुढच्या वाती परांजपेकाकू वळायच्या. पलीकडे परांजपेकाका कॅरम खेळत, इकडे काकू मान खाली घालून कापूस ओढत. दिवाळीनंतर काका गेले. काकू मुलाकडेच आहेत, सावरल्या की येतील, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आता संक्रांतीचं हळदीकुंकूही होऊन गेलं होतं.

गाडीच्या फेऱ्यांचं बघणारी रत्ना तशीच बाहेर व्हॅनपाशी, ड्रायव्हरकडे गेली.

“केदार, काकूंना आणायचं का बंद केलंस?”

“मी कशाला बंद करू, ताई? फॉर्म तुमचा. पार्सिपनी सिलेक्ट केलं की खाली काही येतच नाही. मला वाटलं, त्यांनीच कॅन्सल केलं. काका काय मस्त मेलबॉक्सला टेकून उभे असायचे, यार!”

त्याने टॅब पुढे केला. वरच्या चौकटीत रत्नाने गाव निवडलं. खालची यादी उघडली. कोरी.

हा फॉर्म रत्नाने भाजी शिजेस्तोवर व्हिडिओ बघून बघून बनवला होता. आधी एकच लांबलचक यादी होती आणि केदार भलत्याच दाराशी हॉर्न वाजवायचा. रत्नाने यादीखाली यादी लावली. गाव निवडा, त्याच गावचे सभासद दिसतील. सभासद निवडा, त्याच्यासोबत येणारं माणूस दिसेल. “नको ते डोळ्यांसमोर येतच नाही!” असं ती नवी पैठणी दाखवावी तशी सगळ्यांना दाखवत फिरली होती.

काका गेल्यावर त्यांच्या नावापुढची सभासदत्वाची खूणही तिनेच काढली होती, डोळे पुसत. पार्सिपनीचे सभासद ते एकटेच, आणि काकू त्यांच्या नावाखाली होत्या. काका यादीतून उतरले, त्यांच्यामागोमाग काकूही उतरल्या. लाल अक्षरांत कसली सूचना आली नाही. फॉर्मच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं.

तिने लॅपटॉप उघडला. काकूंना आता वरच्या यादीत, सभासदांत घालायला हवं होतं. जुन्या नोंदीत तिनेच लिहिलं होतं : ‘सोबत – पत्नी’. नाव नव्हतं. ते तिला कधी लागलंच नव्हतं.

ती गाडी काढून पार्सिपनीला गेली. दार काकूंनीच उघडलं. मुलगा-सून कामावर होते.

“ये गं. रस्ते निसरडे असतील ना?”

“काकू, गाडी येत नव्हती तर एक फोन नाही का करायचा?”

“काय म्हणून करू? येणं ह्यांच्या नावावर होतं. ते गेले, मी समजून घेतलं.” काकूंनी चहाचं आधण ठेवलं. “त्यात संक्रांत आली. तुमच्याकडे हळदीकुंकू असणार. म्हटलं, म्हणूनच. तोंडावर सांगणं जड जातं गं माणसाला.”

“अहो, नाही हो! तसं कुणाच्या मनातही नव्हतं. माझी चूक झाली. ती यादी असते ना, एकीवर दुसरी अवलंबून...” रत्ना हे जितकं समजावून सांगेल, तितकं ते काकूंच्याच म्हणण्यासारखं होत होतं.

“असू दे. बाबा गेल्यावर माझ्या आईला तरी कोण बोलवायचं? तिने कधी कुणाला विचारलं नाही.”

“उद्यापासून गाडी येईल. तुमचं नाव सांगा काकू. तुमचं स्वतःचं.”

काकूंनी आधी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

“शोभना,” त्या म्हणाल्या आणि गॅस उगाचच बारीक केला.

“याल ना?”

“बघते. कापूस आहे का तिथे?”

निघताना रत्ना फाटकापाशी थबकली. पत्रपेटीजवळचा बर्फ एका जागी तुडवून तुडवून काचेसारखा झाला होता.

“जपून हं,” दारातून काकू म्हणाल्या. “तिथे घसरतं. गाडीच्या वेळेला माझे पाय आपले निघतात.”

पत्रपेटीला लागून, काका टेकून उभे राहायचे तिथला बर्फ मात्र भुसभुशीत होता. काकूंची जागा त्याच्या एक पाऊल मागे होती.