आचलची पाठ

जयासमोर कुणी दोन मिनिटं धड बसत नसे, म्हणून ती पाठी काढू लागली.

आर्वीहून लग्न होऊन देवळीला आली तेव्हा ती चेहरे काढायची. सासूबाईंचा काढला, तर कौशल्याबाई म्हणाल्या, "माहं नाक असं भज्यासारखं आहे काय व?" नवऱ्याचा, स्वप्निलचा काढला, तर तो म्हणाला, "हा तं कोनी जामिनावर सुटलेला दिसते." चेहरा काढला की त्याचा मालक भांडायला येतो. पाठीचं तसं नाही. स्वतःची पाठ कुणाला दिसते? दिसतच नाही तर भांडणार कशावरून?

घरचं कापडाचं दुकान. नव्या शर्टांच्या घडीतले पांढरे पुठ्ठे घरी येत. दुपारी लेक झोपली की जया त्यावर निळ्या बॉलपेनने रेघ ओढायची आणि सावलीसाठी लेकीच्या डबीतलं काजळ बोटाने फिरवायची. ओट्याशी उभी बाई, नळावर वाकलेली बाई, एसटीमागे धावणारा माणूस. लेक चुळबुळली की पेन खाली. एकेक पाठ पुरी व्हायला तीन-तीन दुपारी लागत.

या पाठी जगाला दाखवल्या आचलने. आचल म्हणजे जयाची नणंद, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. तिनेच जयाच्या फोनवर पान उघडलं, 'पाठमोरी' असं नाव दिलं. गॅलरीच्या उजेडात पुठ्ठा धरून फोटो काढायची आणि टाकायची. मग गावात पाठी ओळखायचा खेळच सुरू झाला. "हे तं गिरणीवाले अण्णाजी!" अण्णाजींनी स्वतःची पाठ छापून आणून गिरणीत लावली. आर्वीचे चित्रकलेचे मधुकरराव सर, जे शाळेत जयाची वही 'नक्कल' असा शेरा मारून परत करायचे, त्यांनी लिहिलं, 'आता हात तुझा झाला.' जयाने ते इतक्यांदा वाचलं की गॅसवरचं दूध उतू गेलं आणि तिला वासही आला नाही.

आचलचा डावा खांदा जन्मापासून उतरता होता. घरात सगळ्यांना ठाऊक, बोलायचं कुणी नाही. आचल त्याच खांद्याला भरलेली पिशवी लावायची. बघणाऱ्याला वाटावं, पिशवीच्या ओझ्याने खांदा झुकला. घरातसुद्धा कुणी पाहुणा आला की तिचा हात आधी पिशवीकडे जाई. समुद्रपूरचं स्थळ आलं तेव्हा कौशल्याबाईंनी तिला सोफ्याच्या हाताला टेकवून बसवलं. मुलाची आत्या म्हणाली, "पोरीले जरा चालून दाखवू द्या." तर त्यांनी ठणकावलं, "आमच्यात तशी पद्धत नाई." मुलगा निकेश, समुद्रपुरात त्याचं खताचं दुकान. आचलला तो आवडला होता. साखरपुडा बारा दिवसांवर आला होता.

त्या दुपारी आचल न्हाऊन गच्चीवर केस वाळवत बसली होती. पिशवी नव्हती, ओढणी नव्हती. जया वाळवण उलटवायला वर गेली आणि जिन्यातच थबकली. खाली जाऊन पुठ्ठा घेऊन आली. दहा मिनिटांत चित्र झालं. तीन दुपारींचं काम दहा मिनिटांत, आणि अशी रेघ तिच्या हातून आजवर उतरली नव्हती. ओले केस एका बाजूला घेतलेले, आणि तो खांदा, झोपाळू पाखरासारखा कललेला. तिला ते इतकं गोड दिसलं की वाळवण उलटवायचं राहूनच गेलं.

आचल शिंप्याकडे गेली. चित्र जयाने पहिल्यांदाच स्वतः टाकलं. बोट एकदा थांबलं होतं, हे मात्र खरं. 'चेहरा कुठं आहे?' तिने मनाशी म्हटलं, आणि टाकून मोकळी झाली. मग दर पाच मिनिटांनी किती जणांना आवडलं ते बघत राहिली.

चार तासांनी शेजारच्या सपनाने लिहिलं, 'आचलताई ना? खांद्यावरून वळखलं!' पुढे हसरं तोंड. जयाने घाईघाईने चित्र काढून टाकलं. पण समुद्रपूर काही चार तास लांब नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी दाराशी उभी. निकेश, त्याचा मामा आणि आत्या आनंदाबाई. पाण्याला कुणी हात लावला नाही.

"पोरी, जरा उभी राय," आनंदाबाई म्हणाल्या. "अशी नाई. तिकडं तोंड कर."

आचलने आईकडे पाहिलं. वडील, सदाशिवराव, पंख्याकडे बघत होते.

"पिशवी ठेव बाजूले. ओढणी बी."

आचल भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आनंदाबाईंनी फोनमध्ये ठेवलेलं चित्र तिच्या पाठीशेजारी धरलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. कापड घेताना रंग जुळवून बघतात तसं.

"चित्रात तं कमी दिसते, भाऊ," त्या सदाशिवरावांना म्हणाल्या. "खरं त्याच्याहून जास्तच आहे."

निकेश चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता.

"काढलं कोनी?" आत्याबाईंनी विचारलं. जया लेकीला कडेवर घेऊन दारात उभी होती, बोटं काजळाने काळी. आनंदाबाईंनी ती बोटं बघितली. "तुम्ही काय सूनबाई? हात चांगला आहे हो. तुमच्यामुळं वाचलो बा आम्ही."

आणि जया त्या वेळी काय करत होती? ती खांदा बघत होती. आनंदाबाई खरं बोलत होत्या. खांदा अर्धं बोट आणखी खाली होता. आपण तो उचलून काढला हे तिला तेव्हा कळलं, आणि रेघ कुठून न्यायला हवी होती हेही त्याच क्षणी दिसलं. लाज वाटायच्या आधी ते दिसलं.

गाडी गेली. कौशल्याबाई ओरडल्या नाहीत. सगळे पुठ्ठे घेतले आणि अंगणातल्या अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत एकेक सरकवत बसल्या. "अजून असतीन तं आन," त्या म्हणाल्या. "पानी कोमटच आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक झोपली तेव्हा आचल खोलीत आली. खांद्याला पिशवी. हातात एक कोरा पुठ्ठा आणि जयाचंच पेन.

"वहिनी, तिकडं तोंड कर."

"आचल, माहं चुकलं. मले वाटलं..."

"तोंड कर म्हटलं ना. पदर काढ."

जया भिंतीकडे वळली. मागे पेन पुठ्ठ्यावर खरखरू लागलं. थांबलं. पुन्हा खरखरलं. मानेला खाज सुटली, तिने हात उचलला.

"हलू नको."

कुठे बघते आहे? कमरेकडे? मानेकडे? बाळंतपणानंतर आपली पाठ कशी झाली, हे जयाला माहीतच नव्हतं. शंभर माणसांच्या पाठी तिने काढल्या होत्या. लेक जागी होऊन रडायला लागली तरी आचल म्हणाली नाही की वळ. शेवटी आचल हसली, जरासं, नाकातून.

"काय व? काय दिसलं?" जयाने वळून विचारलं.

"सांगू?"

"सांग ना."

"नाई सांगत." आचलने पुठ्ठा पिशवीत घातला, पिशवीची चेन ओढली. "कोनाले इचारशीन तं थे बी नाई सांगनार. आपल्यात कोनी सांगते काय? खांदा किती उतरला, थे मले पंचवीस वर्षं कोनी नाई सांगतलं."

पान आचलने बंद केलं नाही. तिथे अजून लोक विचारतात, नवीन चित्र कधी? जयाने पेन पुन्हा हातात घेतलं नाही. भाकरी थापायला ती आता भिंतीला टेकून बसते, आणि स्वयंपाकघरातून बाहेर जाताना कपाटाला पाठ घासत, आडवी आडवी सरकत जाते.

"काऊन व," कौशल्याबाई परवा म्हणाल्या, "खेकड्यावानी चालून राह्यली?"

आचल समोरच मटार सोलत बसली होती, खांद्याला पिशवी लावून. तिने मान वर केली नाही. फक्त नाकातून हसली.