ऐकू न येणारा जावई

खोडदच्या सोनबाने होणाऱ्या जावयाचा व्हिडिओ मोबाईलवर सतरा वेळा पाहिला आणि अठराव्या वेळी त्याची खात्री पटली: पोरगं वाजवतच नाही.

मढचा सोमनाथ पुण्यात एका फंक बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. फंक म्हणजे गाणं थोडं आणि ठेका फार, एवढं सोनबाच्या लेकीने, संस्कृतीने बापाला समजावलं होतं. आधी गावची बेंजो पार्टी, मग कॉलेज, आता दहा वर्षं हाच धंदा. दोनदा जर्मनीलाही जाऊन आला. संस्कृतीला तो पसंत होता. अडलं होतं ते सोनबाचं. व्हिडिओत ढोल ऐकू यायचा, पिपाणी आणि पेटी ऐकू यायची, गाणारी बाई तर शेजारच्या वस्तीवर ऐकू जायची. सोमनाथची बोटं मेंढरं कातरल्यासारखी भराभर चालायची, आणि आवाज शून्य.

"न वाजवता जर्मनीला नेत्यात व्हय?" बायकोने, तुकाबाईने विचारलं.

"तेच म्हंतो. मग कशाला नेत आसतील?" सोनबाने आवाज खाली आणला.

रविवारी सोमनाथ आला. चहा संपायच्या आत सोनबाने मोबाईल पुढे धरला.

"पावणं, ह्यात तुमी कुठं?"

"हा काय, मामा. टोपीवाला."

"दिसताय. ऐकू का येत न्हाई?"

"मोबाईलचा स्पीकर बारका असतो. जाड आवाज त्याला झेपत नाय."

"चौघांचा झेपतो. तुमचाच झेपत न्हाई?"

सोमनाथने ओसरीवर गिटार काढून वाजवली. विजेवाचून ती डब्यात शेंगा हलवाव्यात तशी वाजली. सोनबाने तारा मोजल्या. चारच. दुकानातल्या गिटारीला सहा असतात, हे तो मंचरला जाऊन बघून आला होता. दारात संस्कृतीने कपाळाला हात लावला.

"माझ्या गाडीला जोडा की राव," शेजारचा कुंडलिक म्हणाला. त्याच्या कांद्याच्या पिकअपमध्ये सीटमागे माणसाएवढे स्पीकर होते.

वायर जोडली. सोमनाथने जाड तार छेडली. मांडणीवरची ताटं थरथरली, मेंढरं उठून उभी राहिली आणि सोनबाच्या छातीवर कुणीतरी आतून थाप मारली. सोनबाने हात वर केला, सोमनाथची बोटं थांबली, आवाज थांबला. खाली केला, सुरू झाला. असं तीनदा. गाडीतला टेप कुंडलिक लावत नाही ना, म्हणून त्याचेही दोन्ही हात सोनबाने तपासले. एकात चहा होता, दुसऱ्यात खारी.

"समदा बँड ह्याच्यावरच उभा असतो, मामा," सोमनाथ म्हणाला.

सोनबाने मोबाईल खिशात टाकला.

"पोरगी दिली," तो म्हणाला. "पण लग्नाला ते बाकीचे चौघं बी आणा."

"आणतो की. वाजवतील बी."

"तेच बघायचंय. समदं तुमीच करताय, तर ते काय करत्यात?"