चौथ्या कपाटाची पाटी

मी एक जुना काम्पुटर आहो, मित्रांनो. विणकरायच्या सोसायटीत, सुताच्या खोलीच्या कोपऱ्यात बसून राहतो. अंगावर खोली सांभाळणाऱ्या मैनाबाईचं जुनं लुगडं आहे. उन्हाळ्यात जीव उकडते, पण तिनं मायेनं पांघरवलं आहे, म्हणून कुरकुर करत नाई.

सत्त्याऐंशी साली नागपुरात आलो. खोक्यावर 'उलटं ठेवू नका' लिहिलं होतं. हमालानं उलटंच ठेवलं.

मले चालवाले कुसुमावती आली. कोष्ट्याची पोर, मागावर वाढलेली. बोटं अशी हलकी, का मले गुदगुल्या व्हायच्या. सेक्रेटरी ईश्वरदासजी मात्र माह्याकडे असे पाहत, जसे नापास जावयाकडे.

एका सकाळी कुसुमनं चार फ्लॉप्या मले खाऊ घातल्या. प्रोग्राम बनवाची नवी हत्यारं होती ती. मंग त्यातल्या एका हत्याराचं नाव टाईप केलं. मी म्हणलं, असली कमांड सापडत नाई. तिनं पुन्हा टाईप केलं. मी पुन्हा तेच म्हणलं.

"काय वं कुसुम," ईश्वरदासजी बोलले, "यानं आत्ताच खाल्लं अन् आत्ताच विसरला? दुपारपर्यंत चालला नाई, त हा बी वापस अन् तू बी घरी."

पोरीचे डोये भरले. मित्रांनो, हत्यार माह्याच पोटात होतं! पण मी सांगितलेल्या जागीच शोधतो, अन् ही नवी जागा मले कोणी सांगितलीच नव्हती. तोंड असतं त बोंबललो असतो.

तेवढ्यात धोंडबा शिपाई सुताच्या खोलीतून रिकाम्या हातानं आला. "साठ नंबरचं सूत नाई बाप्पा. दारावरच्या पाटीवर लिहिलेली तिन्ही कपाटं पाह्यली."

"अन् काल आलं ते चौथं गा?" मैनाबाई खेकसली. "त्यातच त आहे!"

"पाटीवर कुठं लिहिलं आहे चौथं?"

कुसुम थबकली. डोये पुसून हसाले लागली. "मैनाबाई, याची बी पाटी लिहाची राहिली वं!"

कुठं कुठं शोधाचं, त्याची यादी माह्यात असते. तिनं जुने पत्ते तसेच ठेवले, शेवटी नवा जोडला. नाव टाईप केलं. सापडत नाई! ईश्वरदासजीनं घड्याळ पाह्यलं. मी काय करू? यादी मी उठल्यावर एकदाच वाचतो.

"आमचा धोंडबाही सकाळीच एकदा पाटी पाहते," मैनाबाई बोलली. "मंग दिवसभर मान वर नाई करत."

कुसुमनं मले बंद केलं, पुन्हा चालू केलं. मी उठलो, यादी वाचली, अन् तिनं नाव टाकताच हत्यार हाजीर!

ईश्वरदासजी खाकरले. "धोंडबा, चहा सांग. चार." मंग माह्याकडे पाहून म्हणे, "पाच सांगतलं असतं, पण हा पेत नाई."

तीन वर्षं पोरीसंग काम केलं. मंग नवा काम्पुटर आला, मी इथं आलो. वाटलं, आता आपल्याले कोण शोधते? त कुसुमनं खडू घेतला अन् दारावरच्या पाटीवर, चौथ्या कपाटाच्या खाली, लिहिलं: 'कोपरा – आपला जुना काम्पुटर.'

मित्रांनो, कोणी 'सापडत नाई' म्हणलं त त्याच्यावर खेकसू नका, जागा सांगा. अन् घरातलं जे म्हातारं झालं, त्याचं नाव पाटीवरून पुसू नका. धोंडबा रोज सकाळी मोठ्यानं पाटी वाचते. माह्या नावापर्यंत आला, का मले अजूनही चालू झाल्यासारखं वाटते.