आर्वीच्या मशिदीतलं आढं

"माह्या बापानं आर्वीच्या मशिदीले सागाचं आढं देलं होतं," असं विमलाबाई म्हणाली रे म्हणाली, की तिचा नवरा रूपराव खो-खो हसायचा. "हो त! अन् नागपूरच्या टेसनालेही त्यायनंच देलं असन!" जन्मभर हेच. परवा तर नव्या व्याह्यांसमोर बोलला, आणि बाईचा पारा चढला.

"चला आर्वीले. खोटं निघालं त नाचनगावचं, माह्या माहेराचं, नाव काढनार नाई कधी!"

बोलून तर बसली, पण मशीद तिनं स्वतःही कधी पाहिली नव्हती. रोहण्याहून एसटीत बसल्यापासून नुसता देवाचा धावा चालला होता. आर्वीला उतरून, बाजारामागच्या बोळातून विचारत विचारत दोघं पोचली. बाईनं चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला.

"या माय, या. नमाजाले टाइम आहे अजून," देखभाल करणारे गनीचाचा म्हणाले.

काय ती ओसरी! केवढाले खांब! पण सगळ्या लाकडावर हिरवा ऑइलपेंट.

"आढं कोनी देलं जी हे?"

"नाव नाई मालूम, माय. माह्या जन्माच्या पहिलेची गोष्ट."

रूपराव खाकरला. "झालं समाधान?"

बाईचे डोळे भरून आले. तरी तिनं मान वर केलीच. आढ्याच्या मधोमध एक मुठीएवढं काळपट गाठोडं लटकत होतं, तेवढं बिनरंगाचं.

"ते काय हाय, चाचा?"

"त्याले कोनी हात नाई लावत. रंगवाल्याले पहिलेच सांगतो, तेवढं सोड. नाचनगावचा एक पाटील बैलबंडीवर आढं घेऊन आलता म्हनते, त्यानंच बांधलं. आत काय हाय, अल्ला जाने."

"हळकुंड अन् सुपारी!" बाई रडता रडता हसायला लागली. घराचं आढं चढलं, की पिवळ्या फडक्यात हळकुंड-सुपारी बांधायची, ही तिच्या माहेरची रीत. बाप मशिदीतही सवयीनं बांधून मोकळा झाला होता! आणि या भल्या माणसांनी ते इतकी वर्षं जपलं होतं.

"तुमी कोन त्यायचे?" चाचांनी विचारलं.

बाई पदरानं डोळे पुसू लागली. तेवढ्यात रूपराव पुढं सरसावला.

"जावई होय मी त्यायचा! नाचनगावच्या सदाशिवरावायचा जावई!"

इतक्या मोठ्यानं म्हणाला, की हौदावर हातपाय धुणारी माणसं वळून पाहू लागली.