एक धड व्हिडिओ

आईचा फोन आला तेव्हा लेक ऑफिसला निघण्याच्या घाईत होती.

“अगं, माझे शिवणाचे व्हिडिओ लागतच नाहीयेत. फाइल खराब आहे म्हणतो कॉम्प्युटर.”

“दुसऱ्या प्लेअरमध्ये लाव.”

“लावले. त्यालाही माझं तोंड बघवत नाही बहुतेक. येऊन बघतेस का? तुझ्यासाठीच केलेत. सुईत दोरा ओवण्यापासून सुरुवात केलीय, म्हणजे तुलाही जमेल.”

“येईन गं. ठेवू आता?”

आईने ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती झोपेतच गेली.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरल्यावर लेक शिवणाच्या खोलीत कॉम्प्युटर उघडून बसली. प्लेअर बदलून पाहिले, फाइली स्वतःच्या लॅपटॉपवर नेल्या. पडदा काळाच. फाइली मात्र चांगल्या जड होत्या. म्हणजे आई आत होती, दिसत तेवढी नव्हती.

उलगडा बाबांच्या बोलण्यातून झाला. कॅमेऱ्याची बॅटरी कधीच गेली होती. आई तो वायर लावूनच चालवायची.

“शिवून झालं की भिंतीवरचं बटण बंद. मशीन, इस्त्री, दिवा, कॅमेरा, सगळं एका फटक्यात,” बाबा म्हणाले. “उगाच वीज जाळलेली खपायची का तिला?”

लेकीने कपाळाला हात लावला. रेकॉर्डिंग थांबवायच्या आधीच वीज गेली, तर फाइल अर्धवट राहते. चित्र असतं, आवाज असतो. ते कॉम्प्युटरने कसं वाचायचं, याची शेवटी लिहिली जाणारी नोंदच नसते. त्या दिवशी ती आली असती, तर आईला बटण दाबताना बघूनच कळलं असतं. फोनवर कुठून कळणार?

फाइली दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर मिळालं. पण त्याला नमुना हवा होता: त्याच कॅमेऱ्यावर काढलेला, आवाजासकट, एक धड व्हिडिओ. आईचा एकही धड नव्हता.

“मग तू काढ की,” म्हणत बाबांनी दार लोटून घेतलं.

ती आईच्या स्टुलावर बसली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. “हॅलो, हॅलो,” म्हणून झालं. आणखी काय बोलायचं? सॉफ्टवेअरला शब्दांशी काही देणंघेणं नव्हतं.

तिने घसा खाकरला.

“आई, मला तुझ्याजवळ नुसतं बसायला फार आवडायचं गं. कधी म्हटलंच नाही.”